‘मी तर फक्त मेसेजच करते’, मग डेटा जातो कुठे?

मावशीचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अरे, माझं नेट परत संपलं." दुसरंही ठरलेलं, "मी व्हिडिओ बघत नाही, गाणी ऐकत नाही, मी तर फक्त मेसेजच करते." तिसरं वाक्य दर वेळी वेगळं असतं, पण त्याचा रोख एकच, कंपनी लबाड आहे.

एकदा तिच्याच शेजारी बसून तिचा फोन उघडला. मेसेजिंग ॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्याच्या आत ‘नेटवर्क युसेज’ असा एक कोपरा असतो. तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. तिथे ॲपने स्वतःच सगळा हिशेब मांडून ठेवलेला होता. मेसेज ११ एमबी. कॉल ४०० एमबीच्या आसपास. मीडिया साडेसहा जीबी. मावशीने चष्मा सारखा करून आकडे वाचले आणि म्हणाली, "पण मी तर काही पाठवलंच नाही!"

ते अगदी खरं होतं. तिने पाठवलं नव्हतं, तिला आलं होतं. आणि मोबाइल डेटाच्या हिशेबात आलेलं आणि गेलेलं दोन्ही मोजलं जातं. गंमत अशी की मेसेजिंगच्या दुनियेत पाठवणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यालाच जास्त भुर्दंड पडतो. तो कसा पडतो हे कळलं की प्लॅन बदलायची वेळ बहुतेकांवर येत नाही.

अक्षरांचं वजन

सुरुवात अगदी लहानातून करू. फोनला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला आकडा असतो आणि तो साठवायला जागा लागते. त्या जागेचं माप म्हणजे बाइट. इंटरनेटवर सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. इथे मात्रा वेगळी मोजतात. म्हणजे ‘हो’ लिहिलं तर ‘ह’चे ३ आणि मात्रेचे ३ मिळून ६ बाइट. ‘ठीक आहे’ लिहिलं तर मधली मोकळी जागा धरून १९.

मग मराठीत लिहिणं तिप्पट महाग? कागदावर हो, खिशाला नाही. कारण मेसेज एकटा जात नाही. त्याला पाकीट लागतं. पाकिटावर कुठून निघाला, कुठे जायचंय, कितवा तुकडा आहे, हे सगळं लिहिलेलं असतं. इंटरनेटचं साधं पाकीटच कमीत कमी ४० बाइटचं. त्यावर कुलूपबंदीचा थर, मेसेजचा क्रमांक, वेळ, पोहोचल्याची पावती, वाचल्याची पावती. त्या निळ्या खुणाही आपोआप उगवत नाहीत, त्यासुद्धा छोटे छोटे मेसेजच असतात. या सगळ्या लवाजम्यात ‘हो’चे ६ बाइट म्हणजे वरातीतला नवरदेव. त्याचं स्वतःचं वजन कोण विचारतो.

आपण सढळ हाताने धरू. एका मेसेजला सगळं मिळून २ केबी. १ जीबी म्हणजे सुमारे १० लाख केबी, म्हणजे ५ लाख मेसेज. रोज शंभर मेसेज केले तरी हा एक जीबी संपायला तेरा वर्षांहून जास्त लागतील. तेव्हा शब्द वाचवण्यात काही अर्थ नाही. मनसोक्त लिहा, पूर्णविराम द्या, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. ‘ठीक आहे’चं ‘ठी’ करून डेटा वाचत नाही, वाचणाऱ्याचा वेळ तेवढा जातो.

फोन आणि एसएमएस

"पण पूर्वी तर नेट नसतानाही मेसेज जायचे," हा मावशीचा पुढचा मुद्दा. तोही बरोबर आहे. एसएमएस हा प्रकार मुळात वेगळ्याच वाटेने जायचा. फोन आणि टॉवर यांच्यात बोलणं चालू नसतानाही थोडी कुजबुज चालू असते. तू कुठे आहेस, मी इथे आहे, तुला कॉल आलाय, वगैरे. या कुजबुजीच्या वाटेवर बऱ्याचदा जागा रिकामी असते. तिथूनच चिठ्ठ्या पाठवल्या तर, या कल्पनेतून एसएमएस जन्माला आला. एका चिठ्ठीला जागा मिळाली १४० बाइट. ८ बिट म्हणजे १ बाइट, त्यामुळे त्यात ७ बिटांची अक्षरं बसवली की १६० मावतात. १६० पुरतील की नाही हे फ्रिडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने १९८५ साली स्वतः टाइपरायटरवर वाक्यं टाइप करून पाहिलं, आणि पुरतील असं ठरवलं. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ यांनी पाठवला, तोही संगणकावरून. नाताळच्या शुभेच्छांचे दोन शब्द होते.

त्या १६० मध्ये मराठीची सोय नव्हती. देवनागरीचं एक जरी अक्षर टाकलं तरी अख्ख्या चिठ्ठीची पद्धत बदलते, प्रत्येक चिन्हाला २ बाइट लागतात आणि मर्यादा थेट ७० वर येते. मात्रा वेगळी मोजली जात असल्याने ‘मराठी’ या एका शब्दातच ५ खर्च होतात. मोठा मराठी एसएमएस दोन-तीन तुकड्यांत जातो तो यामुळे, आणि जिथे एसएमएस मोजून पैसे लागतात तिथे तुकडे मोजले जातात.

व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल ही मंडळी मात्र कुजबुजीच्या वाटेने जात नाहीत. ती राजरोस इंटरनेटच्या रस्त्याने जातात. म्हणून त्यांना डेटा लागतो, म्हणून त्यांना लांबीची तशी अडचण नाही, आणि म्हणूनच त्यांच्यावर फोटो लादता येतात. डेटा पूर्ण बंद असताना ॲपमधल्या मेसेजशेजारी घड्याळाचं चित्र अडकून बसतं, पण त्याच वेळी एसएमएस सुटतो, तो या दोन वाटांमुळे. फोनच्या स्वतःच्या मेसेज ॲपमध्ये आता आरसीएस नावाची सोय आली आहे. ती दिसायला एसएमएससारखी, पण चालते डेटावर. आयफोनवरचा निळा मेसेज डेटावरचा आणि हिरवा बहुधा साधा एसएमएस, हेही तेच.

झोपलेल्या फोनला हाक

आता जरा आतली गोष्ट. फोन खिशात आहे, पडदा काळा आहे, ॲप बंद आहे. तरी मेसेज आला की टिंग वाजतं. सर्व्हरला, म्हणजे मेसेज पुढे पोहोचवणाऱ्या ॲप कंपनीच्या संगणकाला, तुमचा फोन सापडला कसा?

खरं तर सर्व्हर तुम्हाला शोधू शकत नाही. मोबाइल नेटवर्कवर बहुतेक फोनना स्वतःचा असा जाहीर पत्ता नसतो. मोठ्या इमारतीत शेकडो खोल्या आणि बाहेर एकच दरवाजा, तसे हजारो फोन एकाच पत्त्यामागे बसलेले असतात. बाहेरून कोणी आलं तर कुठल्या खोलीत जायचं हे दारवानाला कळत नाही. म्हणून उलटी रीत आहे. फोन स्वतःच आतून बाहेर जातो, सर्व्हरशी संबंध जोडतो आणि तो धरून ठेवतो. दारवानही लक्षात ठेवतो की या खोलीतल्या माणसाचं बाहेर कोणाशी तरी बोलणं चालू आहे. पण बराच वेळ कोणी काही बोललं नाही तर तो विसरतो. मग दर काही मिनिटांनी फोन नुसता "आहे रे" म्हणतो आणि सर्व्हर "आहे आहे" म्हणतो.

प्रत्येक ॲपने असा स्वतंत्र धागा धरला तर बॅटरी दुपारीच संपेल. म्हणून फोन बनवणाऱ्यांनीच एक सामाईक धागा ठेवला. ॲपलने ही सोय २००९ मध्ये आणली, गूगलने अँड्रॉइडसाठी २०१० मध्ये. ॲपचा सर्व्हर त्या सामाईक धाग्यावरून हाक देतो, फोन जागा होतो आणि खरा मेसेज उतरवून घेतो. तुमचा फोन बंद असेल तर मेसेज सर्व्हरवर थांबतो, एका खुणेवर. व्हॉट्सॲपवर तो जास्तीत जास्त ३० दिवस थांबतो, मग पुसला जातो.

या सगळ्या ‘आहे रे’ला डेटा नगण्य लागतो. बॅटरी मात्र लागते. फोनचा रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, एकदा जागा झाला की काम संपल्याबरोबर झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून काही सेकंद टक्क जागा राहतो. काही लोक एक वाक्य सात तुकड्यांत पाठवतात. ‘अगं’. ‘ऐक ना’. ‘एक सांगू?’ ‘कोणाला सांगू नकोस’. दर तुकड्यामागे दोन्हीकडचे रेडिओ पुन्हा पुन्हा ताटकळतात. डेटा जात नाही, पण बॅटरी आणि समोरच्याचा जीव दोन्ही टांगणीला. हे माझं वैयक्तिक गाऱ्हाणं समजा.

इथेच एक इशारा. डेटा वाचवायला म्हणून काही जण मेसेजिंग ॲपचा ‘बॅकग्राउंड डेटा’ बंद करतात किंवा कडक बॅटरी-बचत लावतात. वाचतो तो चिमूटभर डेटा, आणि निरोप मात्र ॲप उघडल्यावरच धडाधड कोसळतात. ज्यांच्याकडे तातडीचे निरोप येतात त्यांनी हे करू नये.

साडेसहा जीबीचं रहस्य

आता मीडिया. फोनने काढलेला मूळ फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. ॲप तो पाठवण्याआधी दाबून लहान करतं, बहुधा १००-३०० केबीवर आणतं. हे दाबणं तुमच्याच फोनवर होतं आणि त्यालाही कारण आहे. मेसेज तुमच्या फोनवरच कुलूप लावून निघतो आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतो. व्हॉट्सॲपने ही पद्धत २०१६ मध्ये सगळ्या मेसेजना लागू केली. मधल्या सर्व्हरला पेटी उघडताच येत नाही, मग आतला फोटो तो लहान कसा करणार? जे करायचं ते कुलूप लावण्याआधी.

एक फोटो २०० केबी धरला तर तो आपल्या हिशेबाने शंभर मेसेजच्या बरोबरीचा. तरीही फोटो गरीबच. व्हिडिओ एका मिनिटाला ५ ते १५ एमबी खातो, तोही दाबल्यानंतर. ‘एचडी’ म्हणून पाठवला तर आणखी. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर ॲप त्याला हातच लावत नाही, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. फोनवर पूर्ण एचडीमध्ये घेतलेला मिनिटभराचा व्हिडिओ मुळात ६० ते १३० एमबीच्या घरात असतो, हे लक्षात ठेवून मगच डॉक्युमेंटचं बटण दाबावं. हलणारी चित्रं, ज्यांना आपण जिफ म्हणतो, ती ॲपमध्ये बहुतेक छोटे व्हिडिओच असतात.

व्हॉइस नोटबद्दल लोकांचा उगाच गैरसमज आहे. बोललेला आवाज दाबायची तंत्रं आता फार पुढे गेली आहेत. २०१२ मध्ये प्रमाणित झालेलं ओपस हे तंत्र सेकंदाला २ केबीतही बोलणं स्वच्छ ऐकवतं. म्हणजे मिनिटाला सव्वाशे केबीच्या आसपास. पूर्ण मिनिटभर बोललात तरी एका फोटोपेक्षा स्वस्त. ऐकणाऱ्याचं मिनिट जातं ते वेगळं.

आता मावशीचे साडेसहा जीबी. तुम्ही ग्रुपवर १२ एमबीचा व्हिडिओ टाकलात. तो तुमच्या फोनवरून सर्व्हरवर एकदाच चढतो. ग्रुपमध्ये दहा जण असोत वा शंभर, तुमचे १२ एमबीच जातात. सर्व्हरवर कुलूपबंद पेटी राहते आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला जातो तो तिचा पत्ता आणि किल्ली, एवढासा मेसेज. त्यासोबत एक इवलंसं धूसर चित्र असतं. ते धूसर चित्र, त्यावर खाली तोंड केलेला बाण आणि शेजारी ‘१२ एमबी’, असं तुम्ही पाहिलं असेलच. बाण दाबला की पेटी उतरते आणि तुमचे १२ एमबी जातात. शंभर जणांनी दाबला तर सगळ्यांचे मिळून १.२ जीबी.

आणि आता खरी मेख. हाच व्हिडिओ कोणी पुढे ढकलला तर बहुतेक वेळा तो पुन्हा चढतच नाही. पेटी सर्व्हरवर आहेच. फॉरवर्ड करणारा फक्त पत्ता आणि किल्ली पुढे देतो. म्हणून मोठा व्हिडिओसुद्धा क्षणात फॉरवर्ड होतो, फिरणारं चक्र दिसतच नाही. ढकलणाऱ्याला जवळजवळ फुकट, घेणाऱ्याला पूर्ण भाव. ज्याच्या हातून खर्च होत नाही त्याला आवर कशाला घालावासा वाटेल? मावशी चौदा ग्रुपमध्ये आहे. आणि तिच्या फोनवर बाण दाबायचीही गरज नव्हती, कारण ऑटो-डाउनलोडच्या खाली मोबाइल डेटासाठी फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट, चारही चौकोनांत बरोबरच्या खुणा होत्या. त्या कोणी केल्या हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. मागच्या वर्षी फोन मीच लावून दिला होता.

कॉलमध्ये पाकीटच जड

ॲपमधून केलेला कॉल हाही डेटाच. पण त्याचं गणित मेसेजपेक्षा वेगळं आहे. आवाज साठवून पाठवता येत नाही, बोलता बोलता पोहोचला पाहिजे. म्हणून आवाजाचे बारीक काप करतात, एकेक काप बऱ्याचदा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा. सेकंदाला २ केबीच्या हिशेबाने एका कापात ४० बाइट आवाज. आणि त्या प्रत्येक कापाला लागणारं पाकीटही साधारण ४० बाइटचंच. म्हणजे जितकं पत्र तितकंच पाकीट! येणं-जाणं दोन्ही धरलं की सेकंदाला ८ केबी, मिनिटाला जवळपास अर्धा एमबी. पाकिटांचा हा अपव्यय टाळायला काही ॲप काप जाड ठेवतात.

मेसेजचा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवला जातो. कॉलचा काप हरवला तर कोणी मागवत नाही, कारण तो परत येईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. म्हणून खराब नेटवर मेसेज उशिरा का होईना अख्खा पोहोचतो, आणि कॉलवर मात्र "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" सुरू होतं.

व्हिडिओ कॉलचा खर्च नेट कसं आहे त्यावर कमीजास्त होतो. दोन्ही बाजूंनी ५०० केबीपीएस (सेकंदाला ५०० किलोबिट, किलोबाइट नव्हे) वेग धरला तर मिनिटाला साडेसात एमबी, तासाला ४५० एमबी. महिन्यातून चार-पाच लांब कॉल झाले की छोट्या प्लॅनचा बराच भाग त्यातच गेला. ‘युज लेस डेटा फॉर कॉल्स’ हे बटण बहुतेक ॲपमध्ये असतं. ते लावल्यावर चेहरा जरा धूसर होतो.

कोटा संपला, तरी मेसेज चालू?

अनेक प्लॅनमध्ये ठरलेला डेटा संपला की नेट तुटत नाही, वेग पाडतात. पाडलेला वेग बऱ्याचदा ६४ केबीपीएस असतो. हा आकडा फसवा आहे. यातला ‘बी’ बाइटचा नाही, बिटचा. ८ बिटांचा १ बाइट. म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. (जाहिरातीतला वेग बिटमध्ये आणि प्लॅनमधला डेटा बाइटमध्ये सांगायची पद्धत कोणी लबाडीने पाडलेली नाही, पण तिचा फायदा मात्र वेगवान दिसायला होतो.)

या ८ केबीत काय होतं ते पाहा. साधा मेसेज पाव सेकंदात जातो. २०० केबीचा फोटो २५ सेकंद घेतो. १२ एमबीचा व्हिडिओ घेतो २५ मिनिटं. वेबपान उघडता उघडत नाही. म्हणजे ज्याला खरोखर ‘फक्त मेसेज’ हवे आहेत त्याचं कोटा संपल्यानंतरही अडत नाही. अट एकच. ऑटो-डाउनलोड बंद हवं. नाहीतर एखादा व्हिडिओ त्या अरुंद नळीत अडकून बसतो आणि मागून येणारे मेसेज खोळंबतात. "कोटा संपला की मेसेजही येत नाहीत" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

‘अमुक ॲप फुकट’ म्हणजे किती फुकट

काही देशांत, काही कंपन्यांच्या प्लॅनमध्ये, ठरावीक मेसेजिंग ॲपचा डेटा कोट्यातून कापला जात नाही. काही विमानांतल्या वाय-फायवरही ‘फक्त मेसेज फुकट’ असा प्रकार असतो. मेसेज जर कुलूपबंद असतात तर कंपनीला कळतं कसं की हा मेसेज आहे? आतलं कळत नाही, पण पाकीट बाहेरून दिसतं. कुठल्या सर्व्हरकडे चाललंय, किती मोठं आहे, किती वेळाने येतंय. तेवढ्यावरून छाटणी होते.

आणि याच छाटणीत ग्राहक फसतो. ग्रुपवर आलेल्या बातमीच्या लिंकवर बोट ठेवलंत की ते पान दुसऱ्याच सर्व्हरवरून येतं, ते कोट्यातून जातं. काही प्लॅनमध्ये मजकूर आणि फोटो फुकट पण कॉल नाहीत. चॅटचा बॅकअप ॲपच्या सर्व्हरवर जात नाही, गूगल किंवा ॲपलच्या साठ्यात जातो, म्हणजे तोही मोजला जाणार. व्हीपीएन (सगळा डेटा कुलूपबंद करून दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेणारी सोय) चालू असेल तर कंपनीला एकच बंद बोगदा दिसतो, त्यात कुठलं ॲप आहे हे दिसत नाही, मग सवलत कशावर देणार? अशा प्लॅनची बारीक अक्षरं वाचताना ‘मेसेज’ या शब्दाची त्यांची व्याख्या शोधा. बाकी जाहिरात सोडून द्या.

परदेशात गेल्यावर तर डेटा रोमिंग मुद्दाम बंद ठेवलेलं बरं, आणि लागेल तेव्हा हाताने चालू करावं. तिथे एका रात्रीच्या ऑटो-डाउनलोडचं बिल डोळे पांढरे करू शकतं.

रेंज आहे, नेट नाही

वरच्या पट्टीतल्या चार दांड्या म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतोय एवढंच. तो टॉवर किती लोकांत वाटला गेलाय, मागची वाट मोकळी आहे का, हे दांड्या सांगत नाहीत. गर्दीत दांड्या भरलेल्या असतात आणि मेसेज घड्याळावर अडकतो. अशा वेळी फोटो न पाठवता नुसता मजकूर पाठवा, तो फटीतून निसटतो.

नवं सिम घातल्यावर कॉल लागतात पण नेट नाही, असं असेल तर एपीएन ही सेटिंग बघावी. डेटा कुठल्या दाराने बाहेर पडायचा ते तिथे लिहिलेलं असतं, आणि ते कंपनीगणिक वेगळं असतं. एक विचित्र कारण माझ्याच वाट्याला आलं होतं. बॅटरी पार संपून फोन पुन्हा चालू झाला, तारीख काही वर्षं मागे गेली आणि एकही मेसेज येईना. सुरक्षित संबंध जोडताना फोन सर्व्हरचं ओळखपत्र तपासतो, आणि त्या ओळखपत्राला मुदत असते. फोनच्या मते ती मुदत अजून सुरूच झाली नव्हती. तारीख नीट केली, दोन मिनिटांत सगळे निरोप आले.

मावशीच्या फोनवर केलं ते एवढंच

मोबाइल डेटाखालच्या चारही खुणा काढल्या. वाय-फायखालच्या राहू दिल्या. बॅकअप ‘फक्त वाय-फायवर’ केला आणि त्यातून व्हिडिओ वगळले. दोन सर्वांत उत्साही ग्रुपवरचे फोटो गॅलरीत जमा होणं बंद केलं, यात डेटा वाचत नाही पण जागा वाचते. फोनचा एक आगाऊपणाही बंद केला. वाय-फाय मंद वाटलं की काही फोन न विचारता मोबाइल डेटावर उडी मारतात. आयफोनवर या सोयीचं नाव वाय-फाय असिस्ट, ती २०१५ मध्ये आली. घरात वाय-फाय असूनही डेटा कापला जात असेल तर आधी इथे बघावं.

शेवटी ‘नेटवर्क युसेज’मधला आकडा शून्यावर आणला, प्लॅनचा पहिला दिवस होता म्हणून. तरीही फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये. कोण १००० एमबीचा जीबी धरतं, कोण १०२४ चा, आणि वाटेत हरवून पुन्हा पाठवलेले तुकडे दोघं एकाच पद्धतीने मोजतील असं नाही. थोडा फरक असतो. दुपटीचा फरक असेल तर मात्र भांडायला जावं.

दुसऱ्या दिवशी मावशीचा मेसेज आला, "अरे सगळे फोटो धूसर दिसतायत, फोन बिघडवलास." मी लिहिलं, "मावशी, जो बघायचाय त्याच्या बाणावर बोट ठेव." बराच वेळ दोन निळ्या खुणा. मग उत्तर आलं ते व्हॉइस नोट होऊन, तीन मिनिटं बावन्न सेकंदांची. व्हॉइस नोटला ऑटो-डाउनलोडचा नियम लागत नाही. ती न विचारताच उतरते.